डबल बेल

रस्त्याच्या कडेला अक्रोडाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या म्हातारीने हात वर केला आणि मागच्या सीटवरून मामांनी एकदाच ठोकलं. टक्. म्हणजे थांब.

मी थांबलो नाही. जुलै महिना होता, आम्ही स्पेनमधल्या एका डोंगरात होतो, गाडी भाड्याची होती, आणि इकडचे लोक येणाऱ्याजाणाऱ्याला हात वर करून रामराम करत असावेत असा माझा अंदाज होता.

टक्.

"हात केलाय," मामा म्हणाले.

"मामा, ही एसटी नाही."

"गाडीत जागा आहे ना?"

जागा होती. मी थांबलो. म्हातारी उठली, खुर्चीची घडी करून ती तिने झाडाला टेकवली, एक तपकिरी सूटकेस उचलली, मागचं दार उघडून मामांच्या शेजारी बसली आणि समोर बोट दाखवलं. मामांनी तिच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते ओढून पाहिलं. मग टक् टक्. म्हणजे चल.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी जो काही चांगुलपणा केला तो सगळा त्या दोन ठोक्यांच्या हुकमाने केला, हे आधीच सांगून टाकतो.

विश्राममामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, देवरूख आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांच्या निवृत्तीच्या कितीतरी आधी तिकिटांची मशिनं आली, पण तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी खिशातून काही काढला नाही. मुंबईच्या विमानतळावर तीन अधिकाऱ्यांनी तो आळीपाळीने हातात घेऊन पाहिला, शेवटी एकाने माझ्या बोर्डिंग पासला भोक पाडून खात्री केली आणि आम्हाला सोडलं. स्पेनमध्ये पोचल्यावर मामांनी गाडी चारही बाजूंनी पाहिली, तिच्यात घंटेची दोरी नाही याची नोंद घेतली आणि मागे जाऊन बसले. कंडक्टर ड्रायव्हरच्या शेजारी बसत नाही. माझ्या सीटच्या उशीला ज्या दोन लोखंडी दांड्या असतात त्यातली उजवी दांडी म्हणजे घंटा असं त्यांनी ठरवलं आणि ती चिमट्याने वाजवून पाहिली. माद्रिदमध्ये पहिल्याच सिग्नलला मी घंटेची वाट न बघता गाडी काढली. टोलेडो येईपर्यंत, म्हणजे सत्तर किलोमीटर, मामा माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मी घंटेशिवाय गाडी हलवली नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. मामांना त्याची सवय होती.

मुळात ही सहल मामांसाठी नव्हतीच. ती मधुचंद्राची होती. टोलेडो, आविला, सेगोव्हिया, मधे डोंगरातली दगडी गावं, दहा दिवस, गाडी स्वतः चालवायची, पैसे परत मिळणार नाहीत, मात्र एक नाव बदलून मिळेल. लग्न एकोणीस दिवसांवर आलेलं असताना मोडलं. आई म्हणाली, जा, मन रमेल, आणि मामाला घेऊन जा, त्याने रत्नागिरी जिल्ह्याबाहेर काही पाहिलेलं नाही. नाव बदललं, पण नावाच्या मागे लागलेली माहिती बदलली नाही. त्यामुळे प्रत्येक हॉटेलात आम्हाला एकच पलंग मिळायचा आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले असायचे. मामा त्यातला एक हंस घेऊन आंघोळीला जायचे. आविलात बदामाच्या आकाराचा केक आला. मामांनी त्याचे सहा सारखे तुकडे केले आणि खाली जाऊन भांडी घासणाऱ्या बायकांना वाटले.

आता लग्न कोणी मोडलं, ते.

सगळ्यांना माहीत होतं की ऋजुताने मोडलं. खरं म्हणजे मी मोडलं होतं. चहा पिताना मी तिला म्हणालो की मला हे जमेलसं वाटत नाही. तिने कारण विचारलं. मी म्हणालो की कारण असं काही नाही. तिने कप खाली ठेवला. ऋजुता माझ्यापेक्षा नेहमीच चार पावलं पुढे असायची. ती म्हणाली, तुझ्या आईला बीपीचा त्रास आहे, तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचं काहीतरी होईल, मी नाही म्हटलं असं सांग. यावर एखाद्या माणसाने काय बोलावं याचे बरेच पर्याय आहेत. मी थँक्यू म्हणालो.

सहलीच्या चौथ्या दिवशी टोलेडोत तलवारींच्या दुकानासमोर तिचा मेसेज आला. तिच्या धाकट्या बहिणीचं, क्षिप्राचं, जमत आलेलं लग्न अडलं होतं. मुलाकडच्यांना कोणीतरी फोन करून सांगितलं होतं की या घरातल्या मुली ऐनवेळी पलटी खातात. कोणीतरी म्हणजे माझी आई. मुलाकडचे रविवारी हो-नाही कळवणार होते. 'मी सांगून कोणाला खरं वाटणार नाही,' ऋजुताने लिहिलं होतं. 'रविवारच्या आत तू तुझ्या आईला सांग. एवढंच मागतेय.'

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

त्यानंतर मी इतिहासात लक्ष घातलं. टोलेडोतलं कॅथेड्रल मी दोनदा पाहिलं. आविलाच्या तटाचे बुरुज मोजले, परत मोजले, दोन वेगळे आकडे आले म्हणून तिसऱ्यांदा मोजले. सेगोव्हियात रोमन लोकांनी चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड ठेवून पाण्याचा पाट चढवलाय, तो दोन हजार वर्षं उभा आहे. त्याच्याखाली मी उन्हात दीड तास उभा राहिलो. मामा सावलीतून माझ्याकडे बघत होते. पाटाकडे नाही, माझ्याकडे. शुक्रवार असाच गेला. म्हातारीने हात केला तो शनिवार होता. दुपारचा एक.

म्हातारी ऐंशीच्या पुढची असावी. काळा पोशाख, पांढरे बूट, हातात जपमाळ नव्हती, साधी पर्स होती. माझं स्पॅनिश मी फोनवर शिकलो होतो आणि मला 'मुलगा सफरचंद खातो' एवढं अस्खलित येत होतं. मी तिला कुठे जायचंय हे खुणेनं विचारलं. तिने पुन्हा बोट दाखवलं. फोनला रेंज नव्हती. मग आम्ही बोटाच्या दिशेने गेलो. मामा तिच्याशी मराठीत बोलत होते. ऊन फार आहे, पूर्वी एवढं नसायचं. ती स्पॅनिशमधे उत्तर देत होती. दोघांचं एकमत झाल्यासारखं वाटत होतं.

पहिलं गाव आलं. सगळी घरं काळ्या फरशीच्या दगडाची, चर्चच्या मनोऱ्यावर बगळ्यासारखे मोठाले पक्षी, रस्त्यावर कोणी नाही. तिने मामांच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवली. टक्, मी थांबलो. म्हातारी उतरली, एका घराशी गेली. तिथे कुंड्यांना पाणी घालणारी तिच्याच वयाची एक बाई होती. म्हातारी उन्हात उभी राहून दोन-तीन मिनिटं काहीतरी बोलली. त्या बाईने पाण्याचा झारा खाली ठेवला, घरात गेली आणि दार लावून घेतलं. मग खिडकीही लावून घेतली. म्हातारी परत आली, बसली, पुढे बोट दाखवलं.

टक् टक्.

दुसरं गाव सहा किलोमीटरवर. इथे ती एका अंगणात गेली, तेच बोलली असावी, कारण तेवढाच वेळ लागला. ऐकणारी बाई आधी नुसती बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता खाली दगडावर बसली, पदर असता तर तोंडात कोंबला असता. आत जाऊन तिने पिशवीभर टोमॅटो आणले, ते म्हातारीला न देता मला आणि मामांना दिले आणि आमच्याकडे बघून पुन्हा हसली.

"मामा, आपण हिला कुठे नेतोय?"

"ती म्हणेल तिथे."

"आणि पोलिसांनी विचारलं तर?"

"पॅसेंजर चढला की उतरेपर्यंत आपला," मामा म्हणाले. "मधे सोडता येत नाही. त्यांच्याकडेही तोच नियम असणार."

तिसरा थांबा गावाबाहेर होता. पांढऱ्या भिंतींचं कब्रस्तान. इकडे माणसांना भिंतीतल्या खणांत ठेवतात, लॉकरसारखं, वर नावाची फरशी. म्हातारी एका खणासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. इथे मात्र ती बराच वेळ बोलली. हातवारेही केले. एकदा तर भांडल्यासारखी वाटली.

आम्ही गाडीला टेकून टोमॅटो खात उभे होतो. समोर कापून झालेल्या गव्हाची पिवळी शेतं होती. मामांनी टोमॅटोचा देठ रुमालात गुंडाळला.

"बिनतिकीट माणूस कसा ओळखायचा, माहीत आहे?" ते म्हणाले.

मी म्हणालो, झोपल्याचं सोंग घेतो.

"ते नवशिके. मुरलेला माणूस झोपत नाही. खिडकीबाहेर बघतो. शेतं बघतो, गुरं बघतो, जन्मात कधी म्हैस बघितली नसल्यासारखी म्हैस बघतो. एवढा रस कोणाला असतो म्हशीत?" त्यांनी हनुवटीने म्हातारीकडे दाखवलं. "ही चढली तेव्हा तशीच बसली होती. काच धरून. त्या पहिल्या बाईने तोंडावर दार लावलं ना, त्यानंतर जरा सैल झाली. मघाशी तर माझ्याकडे बघून पेपरमिंट दिली. तिकीट काढलं तिने."

मी गव्हाची शेतं बघत होतो. मग मी ती बघणं बंद केलं. मग दुसरं काय बघावं ते सुचेना म्हणून टोमॅटोकडे बघितलं.

चौथ्या वेळी तिने जे बोट दाखवलं ते आम्हाला डोंगर उतरून खाली तालुक्याच्या गावात घेऊन गेलं. वेशीजवळ बागेसमोर एक नवी तीन मजली इमारत होती, दारात चाकांच्या खुर्च्या, आणि एक पांढरी गाडी. अगदी आमच्यासारखी. तिच्या शेजारी हिरव्या गणवेशातले दोन पोलीस आणि घामाने भिजलेला एक पन्नाशीचा माणूस उभा होता. आम्हाला बघून तो माणूस धावत आला. मी काच खाली केली आणि काय बोलावं ते कळेना तेव्हा मला पाठ असलेलं एकच वाक्य म्हणालो. मुलगा सफरचंद खातो. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं.

तो माणूस म्हातारीच्या नवऱ्याचा भाचा होता, नाव रामोन, आणि त्याला इंग्रजी येत होतं, त्यामुळे आम्ही वाचलो. सगळी हकीकत इमारतीच्या थंडगार हॉलमधे झाली. म्हातारीचं नाव आसुन्सिओन. आजपासून ती इथे, या वृद्धाश्रमात राहायला येणार होती. रामोन तिला एक वाजता घ्यायला जाणार होता, त्याला वीस मिनिटं उशीर झाला, बघतो तर झाडाला टेकवलेली खुर्ची आणि म्हातारी गायब. एका शेजारणीने सांगितलं, पांढऱ्या गाडीतून गेली, चालवणारा काळासावळा होता आणि मागे त्याचा साहेब बसला होता. मामांना हे मी भाषांतर करून सांगितलं. साहेब ऐकून ते खुर्चीत जरा ताठ बसले. पोलिसांनी ओळखपत्र मागितल्यावर त्यांनी पासपोर्ट दिला आणि वर कंडक्टरचा बिल्लाही दिला. पोलिसाने दोन्ही काळजीपूर्वक पाहिलं आणि बिल्ला आधी परत केला.

रामोन चिडलेलाच होता. त्याने आपल्या मामीला विचारलं की ही माणसं तुला चुकीची वाटली नाहीत का, तू माझी गाडी समजून बसलीस का. ती म्हणाली, वेड लागलंय का, मला गाडी कळते. तू आला असतास तर सरळ इथेच आणलं असतंस. हे दोघे का ते विचारत नव्हते, म्हणून यांच्याबरोबर गेले. आणि मग हात मांडीवर ठेवून तिने सांगायला सुरुवात केली. रामोन वाक्यावाक्याला थांबून आम्हाला सांगत होता, कारण तसं करायला तिनेच त्याला बजावलं होतं.

या डोंगरातल्या चार गावांची मिळून उन्हाळ्यात जत्रा असते. जत्रेत रोस्किया करायची स्पर्धा असते. रोस्किया म्हणजे साखरेत घोळलेली कडबोळी, असं समजा. आसुन्सिओनबाईंनी बावीस वर्षं पहिला नंबर काढला. लोक त्यांच्याकडे कृती मागायला यायचे. त्या म्हणायच्या, कृती आईने दिलीय, आईला शब्द दिलाय, सांगणार नाही. बाईंना रोस्किया कधीच करता आल्या नव्हत्या. दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी त्या बस पकडून दूरच्या एका मठात जायच्या. तिथल्या जोगिणी भिंतीतल्या फिरत्या फळीवरून मिठाई विकतात, घेणाऱ्याचं तोंड बघत नाहीत आणि बाहेरच्या कोणाशी बोलत नाहीत. तिथून दोन डबे घ्यायच्या, घरी आणून आपल्या ताटात मांडायच्या.

"आणि या तिघी?" मी विचारलं.

दुसरा नंबर. बावीस वर्षांत दुसरा नंबर या तिघींनीच आलटूनपालटून काढला होता. वृद्धाश्रमात जायच्या आधी तिघींना सांगायचं असं बाईंनी ठरवलं होतं, तिसरी गेल्या थंडीत वारली तरी यादी बदलली नाही.

रामोन भाषांतर करता करता थांबला. त्याने आपल्या मामीला काहीतरी विचारलं. पहिल्या गावात दार लावून घेणारी बाई, काळ्या घरातली, कुंड्यांवाली. ती त्याची आई होती. आई ती सगळी बावीस वर्षं दर उन्हाळ्यात दोन दोन महिने रोस्किया करून करून बघायची, तेल बदलायची, बडीशेप बदलायची, आणि त्याच्या बापाला आणि त्याला त्या सगळ्या खाव्या लागायच्या. रामोन खुर्चीवर बसला. त्याने पोलिसांना जायला सांगितलं. जाता जाता त्यातल्या एका पोलिसाने बाईंना मठाचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. सगळं गाव दारं लावून पडलेलं. मी चावी फिरवली, एसी लावला, आणि घंटेची वाट बघू लागलो.

घंटा झाली नाही.

मी आरशात पाहिलं. मामा मांडीवर चिमटा ठेवून बसले होते.

"मामा, चलायचं ना?"

"चलूया की."

पुन्हा काही नाही. बागेतल्या कारंज्यावर एक चिमणी बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. चिमणी चांगली होती. पंधरा मिनिटं झाली असतील.

"टोलेडोपासून बघतोयस," मागून आवाज आला. "आधी मला वाटलं, पोरगा हुशार आहे, वाचलेला आहे, बघत असेल. पण त्या पाण्याच्या पाटाखाली दीड तास? त्यात पाणीसुद्धा नाही."

मी एसीचा पंखा वाढवला.

"काय आहे ते मला सांगू नकोस. मी विचारलंही नाही आणि विचारणारही नाही. कुठे जायचं ते पॅसेंजरने सांगायचं असतं. पण बिनतिकीट बसवून गाडी सोडायची, हे मी एकतीस वर्षांत केलेलं नाही. भाचा असला तरी."

देवरूखला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. आईने दुसऱ्याच घंटेला फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता. मी सांगितलं. फारसं लांब नव्हतं, चार वाक्यं होती, मी ती इतके दिवस का वागवत होतो कोण जाणे. आईने टीव्ही बंद केला.

"म्हणजे ती नाही म्हणाली नाही?"

"नाही. मी म्हणालो."

"आणि मी त्या क्षिप्राच्या सासरच्यांना... निनाद, मी दोनदा फोन केलाय त्यांना."

"मग तिसऱ्यांदा कर. आत्ता. ते उद्या कळवणार आहेत."

तिच्या बीपीचा विचार माझ्या मनात आला. तिच्या गोळ्या कुठे असतात तेही मला माहीत नव्हतं.

"मामा आहे का तिथे?" तिने विचारलं. मी फोन मागे दिला. मामांनी कानाला लावला, ऐकलं, 'हो', 'हो', 'टोमॅटो खाल्लेत' एवढं बोलले आणि फोन परत दिला. तोवर तिने ठेवला होता.

पुढचं सांगून टाकतो. आईने फोन केला, हे मला ऋजुताकडून कळलं. तिचा मेसेज रविवारी सकाळी आला. क्षिप्राकडे होकार आला होता. आईने मुलाकडच्यांना काय सांगितलं तेही तिने लिहिलं होतं. दोष आमच्या मुलात आहे, लहानपणापासून आहे, मीच डोळ्यांवर कातडं ओढून बसले. ज्या उत्साहाने आईने ऋजुताची बदनामी केली होती त्याच उत्साहाने तिने माझी केली, आणि तिला तालुका पुरला नाही, ती रत्नागिरीपर्यंत गेली. मला त्यानंतर एकही स्थळ आलेलं नाही. आई माझ्याशी अकरा महिने थेट बोलली नाही, जे काही असेल ते मामांच्या मार्फत यायचं. ऋजुताच्या मेसेजला मी यावेळी अंगठा पाठवला नाही. काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून फोन केला. तिने उचलला नाही. बरोबर केलं.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी मी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

टक् टक्.

मी गाडी काढली. वीस फूट गेलो असेन, तोच मागून आवाज आला. टक्. थांबलो.

"काय झालं?"

"हात केलाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आसुन्सिओनबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे रामोन सूटकेस उघडत होता. बाईंनी हात वर केला होता आणि तो हलत होता, डावीकडून उजवीकडे, हळूहळू.

"मामा, ती निरोप देतेय."

मामा काच खाली करून बराच वेळ बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हात करणारा माणूस त्यांनी मागे सोडला नव्हता. मग त्यांनीही हात बाहेर काढून हलवला, आत घेतला, काच वर केली.

टक् टक्.